फुकटचे काम, पण वेठ नव्हे

समाजाचे काम करणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "यात तुम्हाला काय मिळते?" विचारणाऱ्याचा हेतू नेहमीच वाईट असतो असे नाही. ज्या घरात वीस तारखेनंतर डब्यातले पैसे मोजून भाजी आणावी लागते, त्या घराला हा प्रश्न पडणारच. मीही अशाच घरात वाढले. बी.कॉम. झाले आणि गेली एकोणीस वर्षे एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात कारकून आहे. कल्याणहून सकाळची लोकल पकडायची, दिवसभर व्हाउचर आणि बिले तपासायची, संध्याकाळी उभ्याने परत यायचे. अशा माणसाने आपला एकुलता एक रविवार दुसऱ्यांना का द्यावा?

"समाधान मिळते" असे एका शब्दात उत्तर देता येते. पण सत्काराच्या भाषणांतून तो शब्द इतका झिजला आहे की, ऐकणाऱ्याला तो खरा वाटत नाही. मी हिशेब लिहिणारी बाई आहे. जमेच्या बाजूला नेमके काय पडले, ते मांडून दाखवावे असे मनात आले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी कामाविषयी थोडे सांगते. आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी सकाळी दहा ते एक आम्ही सहाजण टेबल मांडून बसतो. एक रिक्षाचालक बंधू, कॉलेजच्या दोन मुली, एक सेवानिवृत्त अभिलेखपाल काका, एक अंगणवाडी सेविका आणि मी. येईल त्याचा अर्ज भरून द्यायचा, कोणती कागदपत्रे लागतील ते सांगायचे, कुठल्या खिडकीवर जायचे ते समजवायचे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, विधवा भगिनींचे निराधार अनुदान, शाळेतले पंचवीस टक्क्यांचे प्रवेश, भविष्य निर्वाह निधीतून अडकलेली रक्कम, अशी ही कामे. बाहेर एजंट याच कामांचे पाचशे, हजार, कधी त्याहून जास्त घेतात. आमच्याकडे झेरॉक्सचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे, बाकी काही नाही. हे अकरा वर्षे चालले आहे.

आता "फुकट" या शब्दाकडे येते. आपल्या समाजाला हा शब्द टोचतो आणि तो टोचायलाच हवा. कारण आपले आजे-पणजे पिढ्यान्‌पिढ्या फुकटच राबले. गावकीची कामे, सरकारी टपाल आणि वसुलीची रक्कम तालुक्याला पायी पोचवणे, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे धावणे, मेलेले जनावर ओढणे, मयताची वर्दी परगावी देणे, हे सारे वतनाच्या नावाखाली. बदल्यात जमिनीचा एक तुकडा आणि दारोदार फिरून मिळणारी भाकर. माझे आजोबा सांगत, "रात्री कितीबी वाजता हाक येवो, न्हाई म्हणायची सोय नव्हती." या चार शब्दांत वेठीची सगळी व्याख्या आली. नाही म्हणायची सोय नव्हती.

ही बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. समाजातल्याच काही वतनदारांना तेव्हा ते रुचले नाही. जमिनीचा तुकडा जाईल ही भीती होती. पुढे संविधानाच्या २३ व्या कलमाने बिगार आणि सक्तीची मजुरी यांना बंदी केली, १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने खालसा झाली आणि १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध स्वतंत्र कायदा आला. इतक्या लढ्यानंतर मिळालेली गोष्ट म्हणजे आपल्या श्रमाचे मोल मागण्याचा हक्क. मग आज कोणी म्हणाले, "ताई, फुकट कशाला राबता?" तर मला राग येत नाही. हा प्रश्न आपल्या इतिहासातून आलेला आहे.

त्यात मी बाई. बाईचे फुकटचे काम तर कोणी मोजतही नव्हते. आता सरकारच्या पाहणीत ते मोजले जाते. २०२४ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत असे दिसले की, घरातले विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे बाईची जवळजवळ पाच तासांची पाळी रोजची, साप्ताहिक सुट्टीशिवाय. मी विहारात बसायला सुरुवात केली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "घरात राबतीस ते पुरंना का, बाहेर आणि कशाला?" त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. रविवारी धुणे असते, गहू निवडायचे असतात, पाहुणे येतात.

तेव्हा घरात बसून आम्ही सरळ वाटणी केली. रविवारी सकाळचा स्वयंपाक माझे पती करतात आणि मुलगा भांडी घासतो. पहिल्या महिन्यात भात कधी करपला, कधी गिचका झाला, खाल्ला. आता त्यांच्या हातच्या मटणाची चव माझ्यापेक्षा चांगली असते, हे सासूबाईच सर्वांना सांगतात. ही वाटणी झाली नसती तर माझे विहारातले काम हा घरच्या ओझ्यावर चढवलेला आणखी एक बोजा झाला असता. भगिनींनो, म्हणून जमेची पहिली नोंद मी ही धरते की, बाहेरच्या फुकटच्या कामाने माझे घरातले फुकटचे काम थोडे हलके केले. आठवड्यातले तीन तास माझ्या मालकीचे झाले. ते कोणाला द्यायचे हे मी ठरवते. दान करायला आधी आपल्या हातात काहीतरी असावे लागते. वेळेचेही तसेच आहे.

दुसरी नोंद विद्येची. कंपनीत मी एकोणीस वर्षे तेच काम करते आहे. संगणक बदलले, काम तेच. तिथे माझ्याकडून कोणी नवे काही शिकण्याची अपेक्षा ठेवत नाही. विहारातल्या टेबलाने मात्र मला पुन्हा विद्यार्थिनी केले. एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण त्यातून पुढे बरेच घडले.

धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंच्या मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश घ्यायचा होता. जातीचा दाखला होता, पण पडताळणी झालेली नव्हती. वाचकांपैकी अनेकांना माहीत असेल की, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून आपले घराणे राज्यात राहते याचा पुरावा द्यावा लागतो. या कुटुंबातले आजोबा १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून मुंबईकडे आले. ते शाळेतच गेले नव्हते, तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला कुठून असणार? वडिलांच्या पालिका शाळेच्या दाखल्यावर नुसते "बौद्ध" लिहिलेले. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० साली लागू झाल्या खऱ्या, पण घराण्याची मूळ जात दाखवणारा जुना कागद लागतोच. मुलीचे वडील गावी तीन खेपा घालून आले. दर खेपेला "नोंद सापडत नाही" एवढेच उत्तर. एक खेप म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि एस.टी.चे भाडे.

आमच्या अभिलेखपाल काकांनी विचारले, "कोतवाल बुक पाहिलं का?" मला तोवर हा शब्दही ठाऊक नव्हता. गावात जन्ममृत्यूची जी जुनी नोंदवही ठेवली जाई, गाव नमुना क्रमांक १४, तिला लोक कोतवाल बुक म्हणतात. तिच्यात बापाचे नाव असते आणि जातीचा रकानाही असतो. काका वयाने थकलेले, पण म्हणाले, "मी येतो." मी दोन दिवसांची किरकोळ रजा टाकली. काका, मी आणि मुलीचे वडील, असे तिघे गेलो. रीतसर अर्ज दिला, शुल्क भरले, पावती घेतली आणि अभिलेख कक्षात बसलो. वह्यांची पाने हाताळताना कडा तुटत होत्या. अक्षर मोडी. मला ते वेलबुट्टीसारखे दिसत होते; काका मात्र बोट फिरवत वर्तमानपत्र वाचावे तसे वाचत होते. दुपारी अडीचच्या सुमाराला त्यांचे बोट थांबले. सन १९३८, मुलगा जन्मला, बापाचे नाव, जात, गाव. तेच आजोबा.

मुलीचे वडील कितीतरी वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. त्यांना मोडी वाचता येत नव्हते. म्हणाले, "आमच्या बाची जन्मतारीख आज कळली." मग काका हळूच म्हणाले, "यांचा आजा हेच दप्तर डोक्यावर घेऊन तालुक्याला पायी जात असेल." ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. ज्यांना वेठीला धरून ते दप्तर वाहायला लावले, त्यांचीच नावे त्या दप्तरात होती. जो रकाना त्यांना कमी लेखण्यासाठी होता, तोच आज त्यांच्या पणतीच्या हक्काचा पुरावा झाला. नक्कल मिळाली, वंशावळीचे शपथपत्र झाले, प्रकरण समितीपुढे गेले आणि वैधता प्रमाणपत्र आले. एकाला ते मिळाले की वडिलांकडील रक्ताच्या नात्यातल्या पुढच्या मुलांनाही त्याचा आधार होतो. म्हणजे एका कागदाने एका घराची वाट कायमची मोकळी झाली.

त्या प्रवासातच मी काकांना म्हटले, "मला मोडी शिकवा." दर गुरुवारी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तासभर मी त्यांच्याकडे जाऊ लागले. आधी आडवी ओळ आखायची आणि मग हात न उचलता अक्षराला अक्षर जोडत जायचे. सहा महिन्यांनी गावांची नावे वाचता येऊ लागली, वर्षभराने साध्या नोंदी. चाळिशीत एक लिपी शिकले, ती कोणत्याही पगारवाढीसाठी नाही. पण ज्या दिवशी पहिली नोंद मी एकटीने वाचली, त्या दिवशीचा आनंद पहिल्या पगाराच्या आनंदाहून कमी नव्हता. काकांनी माझ्याकडून कधी एक पैसा घेतला नाही. त्यांची अट एकच, मी पुढे दोघांना शिकवावे. टेबलावर बसणाऱ्या कॉलेजच्या मुलींपैकी एक आता शिकते आहे.

तिसरी नोंद भीतीची, म्हणजे ती गेल्याची. आपल्यापैकी अनेकांना सरकारी खिडकीपुढे उभे राहिले की घशाला कोरड पडते. मलाही पडे. स्वतःच्या कामासाठी गेले असता साहेब "उद्या या" म्हणाले की, मी मान डोलावून परत येई. दुसऱ्याचे काम घेऊन गेले की गंमत होते. परत यायचे तर त्या माणसाला काय सांगणार, म्हणून आपण उभे राहतो. उभे राहता राहता कायदे कळू लागतात. २००५ चा माहिती अधिकार कायदा कळला. २०१५ चा महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा कळला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळालीच पाहिजे, अर्जाची पोच मागता येते, काम न झाल्यास अपील करता येते. आता मी शांतपणे विचारते, "साहेब, पोच द्याल का? त्यावर तारीख घाला." आवाज चढवावा लागत नाही. हीच सवय मग कंपनीतही कामी आली. आमच्या विभागातल्या बायकांना उशिरापर्यंत थांबवले जाई, त्याविषयी व्यवस्थापकांशी बोलायला सर्वांनी मला पुढे केले. मी बोलले. हात थरथरले नाहीत. दुसऱ्यासाठी बोलता बोलता स्वतःसाठी बोलायची सवय लागते.

चौथी नोंद माणसांची. येथे मी जरा जपून लिहिते. "आज तुम्ही लोकांच्या उपयोगी पडा, उद्या लोक तुमच्या उपयोगी पडतील" असे सांगितले जाते. माझा अनुभव वेगळा आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझे पती नऊ दिवस प्राणवायूवर होते. ज्यांचे अर्ज आम्ही भरले, अशी शेकडो माणसे वस्तीत होती. त्यांच्यापैकी फारसे कोणी आले नाही आणि ते स्वाभाविक होते. प्रत्येकाच्या घरात आजारी माणूस होते. आले ते टेबलावर माझ्याबरोबर बसणारे. रिक्षाचालक बंधूंनी रात्री दोन वाजता औषध पोचवले. अंगणवाडी ताईंनी नऊ दिवस सासूबाईंचा आणि मुलाचा डबा दिला. बरोबर काम केलेल्या माणसाची पारख झालेली असते. कोण वेळ पाळतो, कोण चिडतो, कोण न सांगता राहिलेले काम उचलतो, हे आपल्याला माहीत असते. नात्यागोत्यापलीकडची अशी पाच माणसे या शहरात मला मिळाली. ज्यांची कामे केली त्यांच्याकडून परतफेड मिळेल असे धरून कोणी या कामात आले, तर ते सहा महिन्यांत कडू होऊन घरी बसतील.

कारण खर्चाची बाजूही आहे आणि ती लपवू नये. अनेकजण काम झाले की सांगायलाही येत नाहीत. एका बाईंचा अर्ज उत्पन्न जास्त निघाल्याने नामंजूर झाला, तर त्यांनी वस्तीभर "त्यांनीच मुद्दाम पाडला" असे सांगितले. निवडणूक आली की, "या कोणत्या पक्षाच्या?" अशी चर्चा सुरू होते. डोके दुखते, रविवारची झोप जाते. एकदा एकजण पेढ्यांच्या पुड्यात पाचशेची नोट ठेवून गेले. पुडा सर्वांनी खाल्ला, नोट परत दिली. ते म्हणाले, "ताई, एजंट घेतात, तुम्हाला द्यायला काय हरकत?" त्यांना म्हटले, "पैसे घेतले तर तुम्ही गिऱ्हाईक आणि मी दुकानदार. आपण शेजारी आहोत तेच बरे." पुढच्या रविवारी तेच गृहस्थ खुर्च्या मांडायला आले.

मोबदल्यावाचूनचे काम आपल्याकडे नवीन नाही. बाबासाहेबांनी ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू केले तेव्हा पत्राला पगारी लेखक ठेवण्याची ऐपत नव्हती. रकानेच्या रकाने ते स्वतः लिहीत. त्या काळात प्रपंचासाठी ते वकिलीबरोबर बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत. आमच्यासारख्या कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना हे वाचून फार जवळचे वाटते. पोटाचे काम वेगळे आणि समाजाचे काम वेगळे, दोन्ही एकाच माणसाने एकाच दिवसात करायचे, हा धडा तिथून मिळतो. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्यांनी दान पारमितेचा जो अर्थ सांगितला आहे, त्यात परतफेडीची अपेक्षा नसणे ही मुख्य गोष्ट आहे. अपेक्षा नसणे म्हणजे काहीच न मिळणे असे मात्र नव्हे. वर मांडलेल्या चारही नोंदी मागून मिळाल्या नाहीत. काम करता करता पडत गेल्या.

संयुक्त राष्ट्र संघाने १९८५ साली ५ डिसेंबर हा स्वयंसेवकांचा आंतरराष्ट्रीय दिवस ठरवला. आपल्याला वेगळे सांगायला नको की, त्या दिवशी दादरला काय चाललेले असते. देशभरातून चैत्यभूमीकडे लोक येत असतात आणि पाणी देणारे, जेवण वाढणारे, रांगा लावणारे, औषधे देणारे, हरवलेल्या मुलांना आईबापांकडे पोचवणारे हजारो हात रात्रभर जागे असतात. त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी या जागतिक दिवसाचे नावही ऐकलेले नसेल. नागपूरला दीक्षाभूमीवरही हेच दृश्य असते. हे काम करायला त्यांना कोणी हाक देत नाही, ते आपण होऊन येतात. आजोबांच्या काळातला आणि आजचा फरक इथे दिसतो.

परंतु सावध राहिले पाहिजे. वेठ नाव बदलून परत येते. पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे फलक बांधायला आपली पोरे रात्रभर राबतात आणि सकाळी त्यांना "कार्यकर्ते" म्हणून वडापाव मिळतो. कंपन्या "अनुभव मिळेल" म्हणून शिकलेल्या मुलांना महिनोन्‌महिने बिनपगारी वापरतात. आणि आपल्या भगिनींचे पाहा. आशाताई खेडोपाडी, वस्त्यांतून गरोदर बायकांची नोंद, लसीकरण, सर्वेक्षण अशी कामे करतात, पण कागदोपत्री त्या "स्वयंसेविका". त्यामुळे पगार नाही, मोबदला आणि मानधन. महाराष्ट्रातल्या आशाताईंना त्यासाठी २०२१ साली आणि पुन्हा २०२३ साली संपावर जावे लागले. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावे लागले. ज्या कामाला रोजची वेळ आहे, वरिष्ठ आहे, अहवाल आहे आणि नाही म्हणण्याची सोय नाही, त्या कामाला पगारच हवा. त्याला सेवा म्हणणे ही फसवणूक आहे. आमच्या टेबलावरच्या अंगणवाडी ताई रविवारी आनंदाने फुकट काम करतात आणि सोमवारी मानधनवाढीच्या मोर्चात घोषणा देतात. यात विसंगती मुळीच नाही.

म्हणून फुकटचे काम हाती घेण्यापूर्वी मी स्वतःला तीन प्रश्न विचारते. मला नाही म्हणता येते का? माझ्या श्रमावर मधला कोणी पैसा किंवा खुर्ची कमावतो का? आणि ज्याचे काम करते आहे, तो माझ्यासमोर मान खाली घालून उभा आहे की बरोबरीने बसला आहे? पहिल्याचे उत्तर होय, दुसऱ्याचे नाही आणि तिसऱ्याचे बरोबरीने बसला आहे असे आले, तरच ते काम आपले. म्हणून आमच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना सारख्याच खुर्च्या आहेत. येणाऱ्याला आम्ही उभे ठेवत नाही.

आपल्या वस्तीत कोणाला असे काही सुरू करायचे असेल, तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. काम एकच निवडावे. सर्वांचे सर्व करू म्हणणारी मंडळे वर्षात बंद पडतात. एकट्याने बसू नये, निदान दोघे हवेत. एक आजारी पडला तरी टेबल चालू राहते. वेळ ठरवावी आणि ती संपली की उठावे. कोणाचे मूळ कागद घरी नेऊ नयेत, कोणाचा ओ.टी.पी. किंवा पासवर्ड आपण वापरू नये. तो त्यांनीच घालावा आणि आपल्या वहीत लिहून ठेवावा. आलेल्या प्रत्येकाची नोंद एका वहीत ठेवावी, नाव, काम, तारीख, निकाल. मुख्य म्हणजे अर्ज भरून देताना तो कसा भरायचा हेही शिकवावे. ज्याला दुसऱ्यांदा आपली गरज लागत नाही, त्याचे काम आपण नीट केले असे समजावे.

प्रत्येकाला अर्जच भरता येतील असे नाही. कोणी सुतार असेल, त्याने विहारातली मोडकी बाके दुरुस्त करावीत. परिचारिका असेल, तिने महिन्यातून एकदा वस्तीतल्या वृद्धांचा रक्तदाब तपासावा. बारावी झालेल्या मुलीने पाचवीच्या चार मुलांना पाढे शिकवावेत. ज्या बाईच्या रोजच्या पाच तासांच्या घरच्या पाळीत अजून कोणी वाटेकरी नाही, तिला मात्र "समाजासाठी वेळ काढ" असा उपदेश कोणी करू नये. आधी तिच्या घरच्यांनी ताट-वाटी उचलावी. तीही समाजसेवाच आहे.

गेल्या महिन्यात आमच्या नोंदवहीची सातवी वही भरली. आठवी वही आणली ती त्या अभियांत्रिकीच्या मुलीने, आपल्या पहिल्या पगारातून. तिने पहिल्या पानावर तारीख घातली, रकाने आखले आणि म्हणाली, "ताई, पुढच्या रविवारपासून मी पण बसते. पण महिन्यातून दोनदाच जमेल." मी म्हटले, "दोनदाच ये." नाही म्हणायची सोय असलेल्या मुलीचे हो फार मोलाचे असते.

जयभीम.